बाहेर पडलेली बाई आणि उघडं राहिलेलं लॉगिन

(छत्रपती संभाजीनगर येथे कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



समुपदेशन केंद्रात बाई आली की आपण जो अर्ज भरून घेतो, त्यात एक रकाना असतो : घर कधी सोडलं? बाई तारीख सांगते, नाही तर सण सांगते. ‘पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी’, ‘धाकट्याच्या बारशानंतर’. म्हणजे घर सोडणं ही नोंदवता येणारी गोष्ट आहे. ती गल्लीला दिसते, शेजारणीला कळते, माहेरच्यांना तर कळतेच.

आज मी ज्या बाहेर पडण्याबद्दल बोलणार आहे, ते असं दिसत नाही. मोबाइलवर किंवा कॉम्प्युटरवर आपण एखाद्या संकेतस्थळावर जातो, नाव आणि पासवर्ड टाकून आत शिरतो, काम करतो आणि उठतो. आपण उठलो हे आपल्याला माहीत असतं. पण त्या संकेतस्थळाला ते कळतं का? बहुतेक वेळा कळत नाही. आणि त्याला हे न कळल्यामुळे आपल्याकडे येणाऱ्या बायकांचं काय होतं, हे गेली काही वर्षं मी केंद्रात बसून पाहते आहे. म्हणून समाजकार्य शिकलेली असूनही आज ह्या यांत्रिक विषयावर बोलते आहे. हा विषय कॉम्प्युटरवाल्यांवर सोडून देण्यासारखा नाही, एवढं तुम्हाला पटलं तरी पुरे.

बिल्ल्याची गोष्ट

आधी यंत्र कसं चालतं ते पाहू. संकेतस्थळ म्हणजे दूर कुठे तरी चालू असलेला एक कॉम्प्युटर. आपण जे पान मागू ते तो पाठवतो. पण ह्या व्यवहारात आठवण ठेवायची रीतच मुळात नाही. एक पान पाठवलं की व्यवहार संपला. दुसरं पान मागायला तीच बाई आली आहे की दुसरी कुणी, हे त्याला कळत नाही. बँकेच्या खिडकीवरच्या कारकुनाने प्रत्येक वाक्यानंतर ‘आपण कोण?’ असं विचारावं, तसा हा प्रकार.

१९९४ साली नेटस्केप कंपनीतल्या लू मोंटुली नावाच्या तंत्रज्ञाने ह्यावर तोडगा काढला. आलेल्या माणसाच्या ब्राउझरमध्ये एक लहानशी चिठ्ठी ठेवायची आणि पुढच्या प्रत्येक मागणीबरोबर ती आपोआप दाखवली जाईल अशी सोय करायची. ह्या चिठ्ठीला ‘कुकी’ म्हणतात.

देवळाबाहेर चपलांच्या स्टँडवर आपल्याला बिल्ला मिळतो. स्टँडवाला चेहरा लक्षात ठेवत नाही, बिल्ल्यावरचा नंबर बघतो. बिल्ला ज्याच्या हातात, चपला त्याच्या. लॉगिनचंही असंच आहे. पासवर्ड एकदाच, दारात विचारला जातो. तो बरोबर असला की संकेतस्थळ एक बिल्ला देतं, आणि त्यानंतर सगळा कारभार त्या बिल्ल्यावर चालतो. बिल्ला चालू असतो तेवढ्या काळाला ‘सेशन’ म्हणतात.

ह्यातून पहिली गोष्ट लक्षात घ्या. ‘मी माझा पासवर्ड कुणालाच सांगितलेला नाही’ असं बाई मोठ्या विश्वासाने सांगते, आणि ते खरंही असतं. पण ज्या फोनमध्ये तिचा चालू बिल्ला आहे तो फोन दुसऱ्याच्या हातात गेला, तर पासवर्ड विचारला जाणारच नाही.

ती गेली की बसली आहे?

आता मुख्य प्रश्न. बाई निघून गेली हे संकेतस्थळाने ओळखायचं कसं? त्याला तीनच वाटा आहेत.

पहिली वाट : तिने स्वतः सांगणं. लॉगआउटचं बटण दाबलं की संकेतस्थळ तो बिल्ला रद्द करतं. खात्रीची वाट ही एकच.

दुसरी वाट : शांततेवरून अंदाज. बराच वेळ काही मागणी आली नाही, म्हणजे ही गेली असावी, असं धरून बिल्ला रद्द करायचा. बँकांची संकेतस्थळं काही मिनिटांत असं करतात. ‘आपलं सेशन संपलं आहे, पुन्हा लॉगिन करा’ हा निरोप तुम्ही सगळ्यांनी पाहिला असेल. मेल आणि समाजमाध्यमांची खाती मात्र आठवडे, महिने चालू राहतात, कारण आपण सतत आत असण्यात त्या कंपन्यांचा फायदा असतो.

तिसरी वाट : पानानेच जाता जाता निरोप पाठवणं. खिडकी बंद होताना किंवा डोळ्यांआड जाताना ते पान एक शेवटचा निरोप मुख्य कॉम्प्युटरकडे धाडू शकतं. पण ह्या निरोपावर भरवसा ठेवता येत नाही. फोनची बॅटरी संपली, रेंज गेली, बोटाने ॲप वर सरकवून टाकलं, तर निरोप पोचेलच असं नाही. शिवाय बाई दुसऱ्या ॲपमध्ये ओटीपी बघायला गेली असेल, तरी पान डोळ्यांआड जातंच. जाणं आणि क्षणभर मान वळवणं ह्यांतला फरक यंत्राला कळत नाही. ज्यांना बिनचूकपणाची गरज असते ते पानाकडून दर काही सेकंदांनी ‘मी आहे’ असा ठोका मागवतात. ठोके थांबले की माणूस गेला असं समजतात. हाही शेवटी अंदाजच.

म्हणजे ह्या सगळ्याचं सार असं की, आपण बाहेर पडलो हे आपण सांगितल्याशिवाय यंत्राला खात्रीने कळत नाही. खिडकी बंद करणं म्हणजे सांगणं नव्हे. फुलीवर टिचकी मारली की पान दिसेनासं होतं, बिल्ला मात्र तिथेच पडून राहतो. संपूर्ण ब्राउझर बंद केल्यावर काही बिल्ले पुसले जायला हवेत अशी मूळ योजना होती. पण ‘जिथे सोडलं होतं तिथून पुढे सुरू करा’ अशी सोय आता ब्राउझरमध्ये असते. ती चालू असेल तर बंद केलेली खिडकी बिल्ल्यासकट परत उभी राहते.

नवरा फोनमध्ये बसून बरोबर येतो

आता बायकांकडे वळू. २०१९ ते २०२१ ह्या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत असं आढळलं की, १५ ते ४९ वयाच्या बायकांपैकी स्वतः वापरता येईल असा मोबाइल ५४ टक्के जणींकडे होता. इंटरनेट कधी ना कधी वापरलेल्या बायका ३३ टक्के, आणि पुरुष ५७ टक्के. ह्या आकड्यांचा अर्थ असा की, कितीतरी बायकांचं मेल खातं, बँकेचं ॲप, सरकारी योजनेचा अर्ज हे सगळं दुसऱ्याच्या यंत्रावर उघडलेलं असतं. नवऱ्याच्या, दिराच्या, मुलाच्या, नाही तर सेवा केंद्रातल्या. एक माणूस, एक यंत्र, असं धरून ज्यांनी ही व्यवस्था घडवली, त्यांच्या डोळ्यांसमोर आपल्या वाळूजच्या दोन खोल्यांतलं घर नव्हतं.

आमच्याकडे आलेल्या एका बाईने नवऱ्याच्या दुकानातल्या कॉम्प्युटरवर आपली मेल उघडली, वकिलाला कागद पाठवले आणि खिडकी बंद केली. आठवड्याने नवऱ्याने स्वतःची मेल उघडायला घेतली, तर हिचंच खातं समोर. नोटिशीचा मसुदा तिच्या आधी त्याने वाचला. नोटीस निघण्यापूर्वीच त्याने मुलाचा शाळेचा दाखला काढला आणि मुलाला गावी नेऊन ठेवलं. पुढचे कितीतरी महिने त्या बाईची लढाई पोटगीची न राहता मुलाला बघायला मिळण्याची झाली. उघड्या राहिलेल्या एका खिडकीची किंमत ती एवढी.

दुसरा प्रकार त्याहून सर्रास आहे. फोन नवरा आणून देतो आणि तोच ‘सेट’ करून देतो. म्हणजे त्यात मेल खातं त्याचं टाकतो. प्रेमाने करतो की हेतूने, हा भाग वेगळा. परिणाम एकच होतो. तिने ब्राउझरमध्ये काय शोधलं, कुठला व्हिडिओ पाहिला, कुणाचा नंबर साठवला, कुठले फोटो काढले, ह्यातलं बरंच काही त्याच खात्यातून त्याच्या फोनवर दिसू शकतं. हरवलेला फोन शोधण्याची जी सोय असते, तिच्यामुळे फोन कुठे आहे हेही दिसतं. अशी एक बाई मारहाणीनंतर माहेरी न जाता मैत्रिणीकडे जाऊन राहिली. माहेरच्यांनाही पत्ता नव्हता. तिसऱ्या दिवशी नवरा मैत्रिणीच्या दारात हजर. तिला वाटलं, मैत्रिणीनेच सांगितलं. दोघींची मैत्री तुटायची वेळ आली. खरं तर सांगणारं तिच्या हातातच होतं. बाई घरातून बाहेर पडली होती, पण नवरा फोनमध्ये बसून तिच्याबरोबर आला होता.

तिसरा प्रकार व्हॉट्सॲपचा. २०२१ पासून एकाच खात्याला आणखी चार यंत्रं जोडता येतात. त्यासाठी तिचा उघडा फोन मिनिटभर हातात मिळाला आणि चौकोनी कोड टिपला की झालं. त्यानंतर तिचा फोन तिच्याच हातात असतो, पण तिची बोलणी दुसऱ्या पडद्यावरही वाचता येतात. मुख्य फोन १४ दिवस वापरला नाही तर जोडलेली यंत्रं आपोआप तुटतात, असा नियम आहे. पण जी बाई रोज फोन वापरते तिच्यासाठी ह्या नियमाचा उपयोग काय? २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये केंद्र सरकारच्या दूरसंचार विभागाने असा निर्देश काढला की, अशा ॲपचं कॉम्प्युटरवर उघडलेलं रूप जास्तीत जास्त सहा तासांनी आपोआप बंद व्हावं. कारण दिलं ते पैशांच्या फसवणुकीचं. घरातल्या पाळतीचा विचार धोरण आखताना कुणी करत नाही. तो आपणच मांडायला हवा.

घाईची मुदत कोणाच्या सोयीची?

मग सगळीकडे सेशन पाच मिनिटांत बंद करावं का? इथे गोष्ट सरळ नाही.

सोयगावच्या किंवा कन्नडच्या वाडीवरच्या बाईचा विचार करा. ती तक्रारीचा किंवा योजनेचा अर्ज भरायला बसते. मध्ये मूल उठतं, दूध उतू जातं, सासरा पाणी मागतो, वीज जाते. ओटीपी येतो तो नवऱ्याच्या नंबरावर, आणि नवरा शेतात. ती परत येते तोवर यंत्राने ‘ही गेली’ असं ठरवलेलं असतं. भरलेला अर्ज कोरा. तीनदा असं झालं की बाई अर्जाचा नाद सोडते. सरकारी कागदावर तिची नोंद ‘अर्ज केला नाही’ अशीच राहते.

लाडकी बहीण योजनेसाठी २०२५ च्या सप्टेंबरमध्ये ई-केवायसी सक्तीचं केलं, तेव्हा बाईच्या आधारबरोबर नवऱ्याचं किंवा वडिलांचंही आधार प्रमाणीकरण मागितलं गेलं. नवऱ्याने टाकलेल्या बाईने नवऱ्याच्या फोनवर आलेला ओटीपी आणायचा कुठून? आणि आणायचा तर तेवढ्या वेळेत आणायचा. बाईचा वेळ तुकड्यातुकड्यांचा असतो, हे स्त्री-चळवळ घरकामाच्या संदर्भात कितीतरी वर्षं सांगत आली आहे. यंत्राची मुदत मात्र एकसलग वेळ असणाऱ्या, खुर्चीवर निवांत बसलेल्या माणसाला धरून ठरवलेली असते.

म्हणजे एकीकडे मुदत फार लांब, म्हणून दुसरा आत शिरतो; दुसरीकडे फार आखूड, म्हणून बाई स्वतःच बाहेर फेकली जाते. दोन्हीकडे नुकसान तिचंच. तेव्हा आपली मागणी ‘मुदत कमी करा’ किंवा ‘वाढवा’ अशी असू शकत नाही. आपली मागणी अशी हवी की, मुदत संपण्याआधी बाईला सूचना द्या, तिला ती वाढवून घेता येऊ द्या, आणि लिहिलेला अर्ज पुसू नका, जपून ठेवा.

ही मागणी हवेतली नाही. अपंग व्यक्तींना संकेतस्थळं वापरता यावीत म्हणून जगभर मान्य झालेले नियम आहेत. त्यात वेळेच्या मर्यादेबद्दल असा एक पर्याय स्पष्ट लिहिला आहे : मुदत संपण्याआधी सूचना द्यावी, एखादी कळ दाबण्याइतक्या सोप्या कृतीने ती वाढवून घ्यायला किमान २० सेकंद द्यावेत, आणि असं किमान दहा वेळा करता यावं. भारत सरकारने आपल्या संकेतस्थळांसाठी २०२३ साली जी सुधारित मार्गदर्शक तत्त्वं काढली, ती ह्याच नियमांवर आधारलेली आहेत. अपंगांच्या चळवळीने मिळवलेला हा नियम बाळंतिणीच्या, शेतमजूर बाईच्या, एका हाताने मूल सांभाळणाऱ्या बाईच्याही कामाचा आहे. निवेदन देताना त्याचा आधार घ्या.

बिल्ला रद्द करण्याआधी

आता सगळ्यात नाजूक भाग. एवढं ऐकल्यावर आपल्याला वाटतं, केंद्रात बाई आली की लगेच तिचा फोन घ्यावा, सगळ्या जोडलेल्या यंत्रांतून लॉगआउट करावं, पासवर्ड बदलावा आणि मोकळं व्हावं. कृपा करून असं घाईने करू नका.

का, ते सांगते. तुम्ही इकडे बिल्ला रद्द केलात की तिकडे त्याच्या पडद्यावर पुन्हा लॉगिन करा असा निरोप येतो. त्याला तत्काळ कळतं की हिला कळलं आहे. बाई अजून त्याच घरात राहत असेल तर संध्याकाळी काय होईल ह्याचा विचार आधी करायला हवा. बाई घर सोडायच्या बेतात असते किंवा नुकतीच सोडते, तो काळ सगळ्यात धोक्याचा, हे आपण अनुभवाने जाणतो. लॉगआउट हीसुद्धा घर सोडण्यासारखीच कृती आहे, तिचीही आखणी लागते.

माझी पद्धत सांगते. आधी चार प्रश्न : फोन कुणी आणला? त्यातलं मेल खातं कुणाचं? सिम कुणाच्या नावावर? फोनचं कुलूप कोणाकोणाला उघडता येतं? हे प्रश्न नोंदणी अर्जातच घाला, पत्ता आणि तारखेसारखेच.

मग व्हॉट्सॲपमध्ये जोडलेल्या यंत्रांची यादी बघायची आणि मेल खात्याच्या ‘सुरक्षा’ भागात ते खातं कुठल्या कुठल्या यंत्रांवर उघडं आहे ते बघायचं. दिसलं ते तिच्या फोनमध्ये साठवायचं नाही. केंद्राच्या फोनने पडद्याचा फोटो काढायचा, तारीख-वेळ कागदावर लिहायची. पुढे तक्रार करायची ठरली तर हा पुरावा असतो, आणि आधीच लॉगआउट केलं तर तो हातचा जातो.

बाई घरातच राहणार असेल तर जुना फोन आहे तसा चालू ठेवायचा, त्यावर रोजचं बोलणं चालू द्यायचं. महत्त्वाचं बोलणं दुसऱ्या फोनवरून, अंगणवाडीताईंच्या किंवा केंद्राच्या. सगळा इतिहास पुसून फोन कोरा करणंही बरं नव्हे. कोऱ्या फोनचाच संशय येतो. नको तेवढं पान, नको तेवढा एक नंबर पुसावा. ब्राउझरच्या गुप्त खिडकीत शोधलं तर त्या फोनमध्ये पानांचा इतिहास राहत नाही, आणि सगळ्या गुप्त खिडक्या बंद केल्यावर बिल्लेही जातात. पण उतरवून घेतलेली फाइल तशीच राहते, हे लक्षात असू द्या.

बाई सुरक्षित जागी पोचली की मग पुढचं काम करायचं, तेही क्रमाने. नव्या किंवा विश्वासाच्या यंत्रावरून नवं मेल खातं काढायचं. जुन्या खात्यात खातं परत मिळवण्यासाठी दिलेला मोबाइल नंबर आधी तपासायचा. तो नवऱ्याचा असेल तर आपण दहा वेळा पासवर्ड बदलू आणि तो दहा वेळा परत येईल. तो नंबर बदलायचा, मग पासवर्ड बदलायचा, आणि शेवटी ‘सगळ्या यंत्रांतून बाहेर पडा’ ही कृती वेगळी करायची. पासवर्ड बदलला की जुने सगळे बिल्ले आपोआप मेले, असं धरून चालू नका. बँकेचं ॲपही विसरू नका. आणि फोन त्यानेच सेट केलेला असेल तर तो सोडून देणंच शहाणपणाचं. नाहीच जमलं तर त्यातलं त्याचं खातं काढून फोन पूर्ण पुसून नव्याने लावायचा.

लपायचं बटण

परदेशातल्या कौटुंबिक हिंसेविरुद्ध काम करणाऱ्या संस्थांच्या संकेतस्थळांवर एक ठळक बटण असतं : ‘इथून चटकन बाहेर पडा’. ब्रिटनच्या सरकारी संकेतस्थळांसाठीही ते घडवलं गेलं आहे. कुणी खोलीत आलं आणि बाईने ते दाबलं की पान जातं आणि हवामानाचं पान समोर येतं. आपल्या संस्थांपैकी ज्यांची संकेतस्थळं आहेत त्यांनी हे बटण जरूर लावावं. ‘मागे’ दाबलं तर आपलं पान परत उघडू नये, एवढं बनवणाऱ्याला बजावून सांगा. आणि बटणाखाली मराठीत, साध्या भाषेत लिहा की, ह्याने पान लपतं, पण फोनमधला आधीचा इतिहास पुसला जात नाही. खोटा दिलासा हा दिलासा नसल्यापेक्षा वाईट. १८१ ला केलेला फोनही फोनच्या यादीत राहतो, हेही बायकांना सांगायला हवं.

सायबर कॅफे किंवा सेवा केंद्र वापरणाऱ्या बाईलाही दोन गोष्टी सांगा. ‘पासवर्ड लक्षात ठेवू का?’ असं विचारलं तर ‘नाही’. आणि उठण्याआधी लॉगआउट झालं की नाही हे स्वतः बघायचं, चालक म्हणाला ‘करतो मी’ तरी. कॅफेला ग्राहकाच्या नोंदी आणि उघडलेल्या संकेतस्थळांचा इतिहास किमान एक वर्ष ठेवावा लागतो, असा २०११ चा नियम आहे. म्हणजे लॉगआउट करूनही गेल्याची खूण उरते. म्हणून असं काम शक्यतो ओळखीच्या गल्लीतल्या केंद्रात करू नये.

आपलं कार्यालय

दुसऱ्यांना सांगण्याआधी आपल्या टेबलाकडे पाहू. कार्यालयात कॉम्प्युटर एक, कार्यकर्त्या चार, लॉगिन एकच, आणि पासवर्ड पडद्यालाच चिकटवलेला. असं चित्र किती संस्थांत आहे, ते तुमचं तुम्हीच मनाशी मोजा. त्या कॉम्प्युटरमध्ये बायकांची नावं, पत्ते, निवाऱ्याची ठिकाणं असतात. प्रकल्प संपला आणि कार्यकर्ती निघून गेली, की तिची चावी आपण परत घेतो. तिचं लॉगिन बंद करतो का? तिच्या फोनमध्ये आपल्या केसेसचा गट चालू राहतो का?

नियम चारच करा. प्रत्येकीचं लॉगिन वेगळं. दहा मिनिटं हात लागला नाही तर कॉम्प्युटरला कुलूप. संध्याकाळी दार लावण्याआधी लॉगआउट. आणि कार्यकर्ती संस्था सोडेल त्या दिवशी तिची सगळी लॉगिनं बंद. ह्यात तिच्यावर अविश्वास नाही; तिच्या हातून तिसऱ्याच कुणाकडे काही जाऊ नये, ही तिचीही काळजी आहे.

कायदा काय म्हणतो

नवऱ्याने बायकोचा फोन पाहिला तर त्यात गुन्हा कसला, असं चौकीत ऐकवलं जातं. त्यासाठी तीन गोष्टी पाठ असू द्या. बाई इंटरनेट, ई-मेल किंवा संपर्काची इतर साधनं कशी वापरते ह्यावर पाळत ठेवणं हा पाठलागाच्या गुन्ह्याचा भाग आहे. २०१३ साली तो भारतीय दंडविधानात आला आणि १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ मध्ये आहे. पहिल्या वेळी तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. कलमात ‘कोणताही पुरुष’ असं म्हटलं आहे, नवऱ्याला त्यातून वगळलेलं नाही. परिस्थिती पाहता वर्तन वाजवी होतं, असा बचाव मात्र ह्या कलमात ठेवला आहे आणि समोरचा वकील तो घेणार, ह्याची तयारी ठेवा. दुसऱ्याचा पासवर्ड लबाडीने वापरण्यासाठी माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६६ क हे कलम आहे.

तिसरी गोष्ट आपल्या सगळ्यात जवळची. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्याच्या कलम १८ खाली संरक्षण आदेश मागताना, इलेक्ट्रॉनिक मार्गाने संपर्क साधण्यावर बंदी मागता येते. आणि आदेशात नमूद केलेल्या इतर कुठल्याही कृत्यावर बंदी घालण्याचा अधिकार न्यायदंडाधिकाऱ्यांना त्याच कलमात आहे. त्याचा उपयोग करा. अर्जात स्पष्ट मागा : तिच्या मेल, बँक आणि व्हॉट्सॲप खात्यांत तो लॉगिन राहणार नाही, तिच्या फोनचं ठिकाण पाहणार नाही. मागितलंच नाही तर मिळणार नाही.

हे तातडीचं का आहे, तेही सांगते. १४ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने असा निर्णय दिला की, पती-पत्नीमधलं गुपचूप रेकॉर्ड केलेलं संभाषण वैवाहिक दाव्यात पुरावा म्हणून घेता येईल. मारहाण सोसणाऱ्या बाईला ह्याचा उपयोग होईलही. पण घरात ज्याच्या हातात यंत्रं जास्त, त्याच्या हातात पुरावेही जास्त, हे विसरून चालणार नाही.

शेवटी मागण्या. बायकांसाठीच्या प्रत्येक सरकारी संकेतस्थळावर आणि ॲपवर लॉगआउटचं बटण मराठीत, मोठ्या अक्षरांत, प्रत्येक पानावर हवं. आपलं खातं आणखी कुठे उघडं आहे ते एका जागी दिसायला हवं. मुदत संपण्याआधी सूचना हवी आणि अर्धा भरलेला अर्ज जपून ठेवायची सोय हवी. टाकलेल्या आणि वेगळ्या राहणाऱ्या बायकांकडून नवऱ्याच्या फोनवरचा ओटीपी मागू नये. हे निवेदन जिल्हाधिकाऱ्यांना आणि महिला व बालविकास विभागाला द्यायचं आहे. मसुदा मागच्या टेबलावर ठेवला आहे. आपापल्या तालुक्यातली उदाहरणं बायकांची नावं न देता त्यात घाला आणि सह्या करा.

आणि जेवणानंतरच्या तासात कुणी पेंगायचं नाही. पैठण, वैजापूर, सिल्लोड असे तालुकावार गट करा, आपापले फोन काढा आणि आपलं खातं कुठे कुठे उघडं आहे ती यादी प्रत्येकीने स्वतः शोधा. जिला अनोळखी यंत्र दिसेल तिने ते लगेच काढू नये. आधी माझ्याकडे किंवा गटातल्या ताईकडे यावं, आपण बसून बोलू.